क्लीन पॉइंट

29 ऑगस्ट 2013. त्या दिवशी बालेवाडीत काही घडलं नव्हतं. जे घडायचं ते जुलैच्या पहिल्या आठवड्यातच घडून गेलं होतं. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात 3 ते 7 जुलैदरम्यान विसावी आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. पुरुषांच्या हातोडाफेकीत ताजिकिस्तानच्या दिल्शोद नझारोवने सुवर्ण जिंकलं. ते सुवर्ण आज त्याच्या नावावर नाही. ते का नाही, आणि त्याच माणसाची त्यानंतरची सुवर्णं त्याच्याकडेच का राहिली, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: 29 ऑगस्ट 2013.

नझारोवच्या डोपिंग प्रकरणाचा निकाल थोडक्यात असा. 2011 मध्ये देगू इथल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत त्याने दिलेल्या नमुन्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. म्हणून 29 ऑगस्ट 2011 ते 29 ऑगस्ट 2013 या दोन वर्षांतले त्याचे सगळे निकाल रद्द. शिवाय सप्टेंबर 2019 पासून दोन वर्षं बंदी. मधली सहा वर्षं शाबूत.

त्या सहा वर्षांत काय आहे ते पाहा. 2014 मध्ये इंचिऑनच्या आशियाई खेळांतलं सुवर्ण. 2015 मध्ये बीजिंगला जागतिक स्पर्धेतलं रौप्य आणि वूहानला आशियाई सुवर्ण. 2016 मध्ये रिओचं ऑलिंपिक सुवर्ण, ताजिकिस्तानचं पहिलं आणि आजवरचं एकमेव. 2017 मध्ये भुवनेश्वरला पुन्हा आशियाई सुवर्ण. हे सगळं त्याचंच आहे. आता रद्द झालेल्या दोन वर्षांत काय होतं? लंडन ऑलिंपिक. तिथे त्याला पदक नव्हतं. मॉस्कोची जागतिक स्पर्धा. तिथेही नव्हतं. उरलं पुणे.

दोन वर्षांची कात्री चालली आणि ऑलिंपिक, जागतिक, आशियाई अशा तिन्ही पातळ्यांवर मिळून एकच पदक कापलं गेलं. तेही आपल्या दारात दिलेलं. हे कुणी ठरवून केलं असं म्हणायला काही आधार नाही. पण रेघ अशी पडली आहे की भुवया उंचावल्याशिवाय राहत नाहीत.

देगूच्या त्या नमुन्याची गोष्टही सरळ नाही. 2011 मध्ये तो नमुना तपासला गेला तेव्हा तो स्वच्छ ठरला होता. सापडलेलं द्रव्य ट्युरिनाबॉल. पूर्व जर्मनीच्या सरकारी डोपिंगमधलं हे जुनं, बदनाम स्टेरॉइड. खेळाडूंचा समज असा की याच्या खुणा शरीरातून लवकर जातात. त्या काळच्या चाचण्यांपुरता तो खराही होता. मग 2012 च्या सुमाराला प्रयोगशाळांना याचे असे अवशेष ओळखता येऊ लागले जे शरीरात कितीतरी जास्त दिवस टिकतात. शीतपेट्यांतले जुने नमुने बाहेर निघाले. बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकच्या फेरतपासणीत वेटलिफ्टर आणि फेकीचे खेळाडू रांगेने सापडले, ते मुख्यतः या पद्धतीमुळे. देगूचे नमुनेही पुन्हा तपासले. नझारोवला निरोप गेला तो सप्टेंबर 2019 मध्ये, दोहाची जागतिक स्पर्धा तोंडावर असताना. नमुना दिला तेव्हा तो 29 वर्षांचा होता. निरोप आला तेव्हा 37 वर्षांचा. देगूत त्याला पदक मिळालं नव्हतं. तिथे जपानचा कोजी मुरोफुशी जिंकला होता. म्हणजे ज्या स्पर्धेचा नमुना, तिथे परत घेण्यासारखं काही नव्हतंच.

नियम काय सांगतो? ज्या दिवशीचा नमुना दोषी, त्या दिवसापासून बंदी सुरू होईपर्यंतचे सगळे निकाल रद्द व्हावेत. हा मूळ नियम. त्याला एक शेपूट आहे: न्यायाच्या दृष्टीने वेगळं करणं योग्य वाटलं तर काही निकाल राखता येतात. मूळ नियम जसाच्या तसा लावला असता तर 2011 ते 2019 सगळं गेलं असतं. रिओसुद्धा. शेपटाचा आधार घेतला आणि दोनच वर्षं गेली. दोनच का? तीन का नाहीत, पाच का नाहीत? 2011 मध्ये अशा गुन्ह्याला सर्वसाधारण शिक्षा दोन वर्षांची होती. तेव्हाच पकडला गेला असता तर दोन वर्षं घरी बसला असता. म्हणून दोन. हिशेब कळतो. पण हा शिक्षेचा हिशेब झाला. 30 ऑगस्ट 2013 पासून माणूस स्वच्छ होता की नव्हता, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

पुण्याजवळच्या चाकणमधल्या कारखान्यांत हा फरक कुणाला फोड करून सांगावा लागू नये. इथल्या फोर्ज शॉपमधून निघणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर, स्टब अ‍ॅक्सलवर एक हीट नंबर ठोकलेला असतो. कुठल्या वितळीचं पोलाद, कुठल्या दिवशी हातोड्याखाली गेलं, सगळं त्यावरून मागे काढता येतं. पुढे महिन्यांनी एखाद्या गाडीत तो पीस तडकला तर रात्री अकराला फोन येतो. ठेकेदाराची पोरं टेम्पोत बसतात, कस्टमरच्या गेटवर पास काढतात, क्रेट उपडे करून एकेक पीस हातात घेतात. हीट नंबर वाचायचा. चांगल्यावर हिरवा ठिपका, संशयिताची रवानगी लाल बिनमध्ये. हे सॉर्टिंग. सकाळी मीटिंग बसते आणि कस्टमरचा क्वालिटीवाला पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: क्लीन पॉइंट कोणता? म्हणजे, कुठल्या तारखेपासूनचा माल बिनधोक धरायचा?

या प्रश्नाला नुसती तारीख चालत नाही. तारखेसोबत कारण द्यावं लागतं. त्या दिवशी डाय बदलली, भट्टीचं तापमान सुधारलं, क्रॅक तपासायचं मशीन बसवलं, आणि हे त्याचे कागद. कारण नसेल तर क्लीन पॉइंट नाही आणि सगळा माल संशयित. दोष सापडल्यापासून दोन वर्षं झाली, आता पुढचा माल आपोआप चांगला समजा, असं एखाद्या सप्लायरने त्या मीटिंगमध्ये म्हणून पाहावं. तो पुरवठादारांच्या यादीत किती दिवस राहील, हे चाकणमधला ट्रेनी पोरगाही सांगेल.

29 ऑगस्ट 2013 हा असाच कारणाशिवायचा क्लीन पॉइंट आहे. त्या दिवशी नझारोवच्या आयुष्यात काही बदलल्याची नोंद नाही. प्रशिक्षक बदलला, तपासणीची पद्धत बदलली किंवा त्याने काही कबूल केलं, असं कुठे दिसत नाही. कॅलेंडरचं पान उलटलं, एवढंच.

दुसरी बाजू आहे आणि ती पोकळ नाही. 2013 नंतर तो जगातल्या अव्वल फेकपटूंपैकी होता. अशा खेळाडूची स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, कधी दार ठोठावून, तपासणी होत राहते. त्या तपासण्यांत तो दोषी ठरला नाही. आठ वर्षांपूर्वीच्या एका बाटलीवरून माणसाचं अख्खं आयुष्य पुसून टाकणं क्रूर ठरेल. शिवाय नव्या पद्धतीने ट्युरिनाबॉल लपवणं अवघड झालं होतं, त्यामुळे नंतरच्या स्वच्छ चाचण्यांचं वजन 2011 च्या स्वच्छ चाचणीपेक्षा जास्त धरावं लागेल. मान्य. पण मग रेघ तिथे ओढा. अमुक प्रयोगशाळेत नवी पद्धत सुरू झाली, त्यानंतरच्या अमुक नमुन्यांत काही मिळालं नाही, म्हणून त्या नमुन्यापासून पुढे निकाल राखतो, असं लिहा. तो खरा क्लीन पॉइंट होईल. तो कदाचित 29 ऑगस्ट 2013 च्या आधी निघेल, कदाचित नंतर. पुण्याचं सुवर्ण त्यात वाचेल किंवा रिओचं जाईल. जे होईल त्याला कारण असेल.

आजच्या स्थितीत पुण्याचं सुवर्ण पुण्यात काही सापडलं म्हणून गेलेलं नाही. आरोप एकाच नमुन्याचा आहे, देगूचा. पुणे चौकटीच्या आत पडलं, म्हणून गेलं. रिओचं सुवर्ण चौकटीच्या बाहेर पडलं, म्हणून राहिलं. एका पदकाला दोषाचा पुरावा लागला नाही आणि दुसऱ्याला निर्दोषपणाचा.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला हे कळत नाही असं नाही. याच देगूचं, याच ट्युरिनाबॉलचं दुसरं प्रकरण आहे. रशियाची हेप्टाथलॉनपटू तात्याना चेर्नोव्हा. देगूत तिने सुवर्ण जिंकलं आणि ब्रिटनची जेसिका एनिस दुसरी आली. पुढे चेर्नोव्हाच्या 2009 च्या जुन्या नमुन्यात ट्युरिनाबॉल सापडलं. रशियाच्या डोपिंगविरोधी संस्थेने तिचे दोन वर्षांचे निकाल रद्द केले. 15 ऑगस्ट 2009 ते 14 ऑगस्ट 2011. देगूचं सुवर्ण तिने जिंकलं 30 ऑगस्ट 2011 ला, म्हणजे चौकट संपल्यावर सोळा दिवसांनी. ते राहिलं.

तेव्हा जग गप्प बसलं नाही. रशियन आपल्या सोयीने निकाल निवडून रद्द करतात, अशी ओरड झाली. जागतिक संघटना या निवडक रद्दीकरणाविरुद्ध 2015 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. चेर्नोव्हाचं देगूचं सुवर्ण अखेर 2016 मध्ये काढलं गेलं. त्याला आधार होता तिच्या रक्ताच्या नोंदींचा, ज्याला जैविक पासपोर्ट म्हणतात. म्हणजे कारण शोधलं, मांडलं आणि मग पदक काढलं. 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर एनिसच्या गळ्यात ते सुवर्ण पडलं. सगळं रीतसर झालं.

दोन्ही प्रकरणांत द्रव्य तेच होतं आणि चौकट दोनच वर्षांची. दोन्हींत सर्वांत मोठं पदक चौकटीबाहेर राहिलं. रशियनांनी रेघ ओढली तेव्हा ती संशयास्पद ठरली. आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या घरात तशीच रेघ ओढली गेली तेव्हा तो न्याय ठरला. यात तांत्रिक फरक दाखवता येतील. चेर्नोव्हाची चौकट देगूच्या इतकी जवळ संपत होती की संशय घ्यायला जागा होती, आणि नझारोवच्या रिओमध्ये नि चौकटीत तीन वर्षांचं अंतर आहे. पण क्लीन पॉइंटचं कारण मागायला अंतर किती, हा प्रश्न नसतो.

रिओचं पदक काढायला कुणी फारसं उत्सुक नसावं, याचं एक अवघड कारणही आहे. नझारोवला काढलं तर सुवर्ण कुणाला द्यायचं? रिओत दुसरा होता बेलारूसचा इव्हान त्सिखान. याच त्सिखानचं 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचं रौप्य फेरतपासणीनंतर काढलं गेलं. 2005 चं हेलसिंकीचं जागतिक सुवर्णही गेलं. 2008 चं बीजिंगचं कांस्य काढून घेतलं आणि लवादाने 2010 मध्ये परत दिलं. त्याच अथेन्समध्ये पहिला आलेला हंगेरीचा आद्रिआन अनुश आधीच बाद झाला होता, आणि मुरोफुशीला सुवर्ण मिळालं ते असं. हातोडाफेकीच्या निकालपत्रांत खाडाखोड नसलेला कागद शोधावा लागतो. रिओचा पहिला काढून दुसऱ्याला वर आणायचं म्हटलं, तर मथळे काय होतील हे समजायला संघटनेला जनसंपर्क अधिकारी लागत नाही. तिसरा होता पोलंडचा वोइचेख नोवित्स्की, ज्याने पुढे टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच्या बाबतीत कुणाला काही प्रश्न नाही. पण तो तिसरा होता.

पुण्याच्या बाबतीत असली अडचण नव्हती. आशियाई स्पर्धा. टीव्हीवर फार कुणी पाहिलेली नाही. त्या आठवड्यात आपलं लक्ष थाळीफेकीत विकास गौडाच्या सुवर्णावर आणि मुलींच्या 4 गुणिले 400 मीटर रिलेवर होतं. भारताला त्या स्पर्धेत सुवर्णं एवढीच मिळाली. हातोडाफेक म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातली जाळी. 2.135 मीटर व्यासाचं वर्तुळ, तार आणि मुठीसह 7.26 किलोचा गोळा, मूठ धरून तीन-चार गिरक्या, आणि मग जुलैच्या ओल्या हिरवळीत पडलेला खड्डा. पंच त्या खड्ड्यापाशी प्रिझम धरतो आणि अंतर सेंटीमीटरपर्यंत मोजलं जातं. वरचा अर्धा सेंटीमीटरही खेळाडूच्या पदरात टाकत नाहीत, खालच्या पूर्ण आकड्यावर आणतात. मैदानात एवढी काटेकोर असलेली यंत्रणा मैदानाबाहेर आठ वर्षांचं मोजमाप कॅलेंडरवर करते.

ही स्पर्धा मुळात पुण्याची नव्हती. ती चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही असं तमिळनाडू सरकारने म्हटल्यावर ती ऐन वेळी बालेवाडीत आली. काही महिन्यांत ट्रॅक, वसतिगृहं, बस, सगळं उभं करावं लागलं. ते केलं आणि स्पर्धा पार पडली. त्यात वाटलेलं एक सुवर्ण चुकीच्या गळ्यात पडलं होतं, असं पुढे जगाने ठरवलं. ठरवलं तर ठरवलं. पण बालेवाडीत राष्ट्रगीत वाजलं ते ताजिकिस्तानचं. ज्याचं वाजायला हवं होतं त्याचं वाजलं नाही. दुसरा आलेला एक पायरी खाली उभा राहिला, तिसरा दोन पायऱ्या खाली, आणि चौथा पोडियमपर्यंत आलाच नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकदरम्यान आयफेल टॉवरसमोर जुन्या ऑलिंपिकची पदकं फेरवाटण्याचा समारंभ झाला. अमेरिकेच्या लाशिंडा डेमसला लंडन 2012 चं अडथळा शर्यतीचं सुवर्ण तिथे बारा वर्षांनी मिळालं. एनिसला लंडनमध्ये मिळालं. मोठ्या स्पर्धांची भरपाई मोठ्या मैदानात, लोकांसमोर होते. आशियाई पातळीवर चौथा आलेल्याला बालेवाडीत बोलावून कांस्य गळ्यात घालावं, असं भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने किंवा राज्याच्या क्रीडा खात्याने म्हणायला काय हरकत आहे? मैदान आपलं आहे. पोडियम ठेवायला जागाही आहे.

यावर लगेच म्हटलं जाईल की आधी आपल्या घरात पाहा. बरोबर आहे, पाहायलाच हवं. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकड्यांत भारताचे 5606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले. एवढ्या मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. भोसरी, पिंपरी, चाकणच्या जिममध्ये पावडरच्या डब्यांशेजारी काय मिळतं, याची चौकशी कुणीही अर्ध्या तासात करू शकतो. पण म्हणूनच हा नियम आपल्याला परका नाही. आज शीतपेटीत पडलेल्या भारतीय नमुन्यांपैकी काही पुढच्या दहा वर्षांत उघडले जातील. नमुने आता दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. तेव्हा कुठल्या तारखेपासूनची पदकं परत करायची आणि कुठली ठेवायची, हा प्रश्न आपल्याच खेळाडूंपुढे येईल, आणि आपल्या खेळाडूंकडून हरलेल्यांपुढेही. त्या दिवशी आपण कारण मागणार की तारीख ऐकून गप्प बसणार?

नझारोवला खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. त्याची शिक्षा त्याने भोगली. नियमाने जेवढी दिली तेवढी. रिओचं सुवर्ण त्याने कुणाच्या खिशातून काढलेलं नाही. संघटनेने ते त्याच्याकडे राहू दिलं. जाब विचारायचा तो रेघ ओढणाऱ्यांना. आणि विचारायचं एवढंच: या रेघेच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस, यांत फरक काय दिसला, ते कागदावर दाखवा.

तूर्तास भारताच्या भूमीवर नझारोवने जिंकलेली आशियाई सुवर्णं दोन. त्यातलं पुण्याचं रद्द आहे आणि भुवनेश्वरचं कायम आहे.